सात तारीख

पहाटे ४:५०

गजर पावणेपाचचा. उठेपर्यंत पाच मिनिटं जातात. स्वयंपाकघरातली ट्यूब लागते, विझते, परत लागते. चहाचं आधण ठेवून ती ओट्यालगतच्या स्टुलावर बसते आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते. पडद्यावर इग्नूच्या एमबीएचं पुस्तक आहे. प्रवेश अजून घेतलेला नाही, फी भरलेली नाही. पण इग्नू आपली पुस्तकं ‘ईज्ञानकोश’वर फुकट ठेवतं, हे कळल्यापासून ती लवकर उठते. अभ्यास झेपेल की नाही ते पुढचं. आधी वेळ सापडतो का, ते बघायचंय.

आजचं प्रकरण मार्जिनल कॉस्टिंगचं. हे ती बी.कॉम.ला शिकलीय. स्थिर खर्च, बदलता खर्च, ना नफा ना तोटा बिंदू. डोकं भराभर चालतं. मग चहा उतू जातो.

सव्वापाचला कणीक मळायला घ्यावी लागते. डबे तीन: नवऱ्याचा, तिचा, बालवाडीचा. वाण्याकडच्या वहीत, जिच्या पहिल्या पानांवर दुधाचा हिशोब आहे, ती मागच्या पानावर आकडा टाकते. २५. म्हणजे पंचवीस मिनिटं. कालच्या रकान्यात ४० आहे, परवाच्यात शून्य. परवा मुलीला ताप होता.

सकाळी ६:१०

नवरा निघतो. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत पहिली पाळी सातची. मोटारसायकल सिन्नर फाट्याला लावायची, पुढे कंपनीची बस. निघताना तो दारात थांबतो.

“आज ठरवणारेस ना?”

“आज सात तारीख आहे.”

त्याला एवढं पुरतं. सात तारीख म्हणजे काय, ते या घराला पाठ झालंय. कामगारांचा पगार सातच्या आत गेला पाहिजे. कापलेला टीडीएसही सातच्या आत भरला पाहिजे. एकाच तारखेला दोन दोरखंड.

सासूबाई नातीला उठवतात. वेणी त्या घालतात, मोजे ही घालते. दोघींचं यावरून कधी बोलणं झालेलं नाही, तसं आपसूक पडत गेलंय. एमबीएच्या हिशोबात सासूबाईंचे हे तास कुठल्याच रकान्यात नाहीत. ते नसते, तर वहीचं मागचं पानच उघडलं नसतं.

सकाळी ८:२०

स्कूटरला शंभरचं पेट्रोल. शंभराचं टाकलं की तीन दिवस निघतात, दुपारी नाशिकरोडला जाणं आलं तर दोन.

एकलहऱ्यात कुठूनही बघा, वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतातच. २१० मेगावॅटचे तीन संच, मिळून ६३०. त्यांच्याआधीचे १४० चे दोन जुने संच २०११ मध्ये बंद झाले. त्यांच्या जागी ६६० चा नवा येणार, हे गाव तेव्हापासून ऐकतंय. चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की लोक एकमेकांकडे बघून हसतात आणि पुढचा घोट घेतात. टपरीवाला, खोल्या भाड्यानं देणारा, डबे पुरवणारी बाई, असे सगळे त्या धुराड्यांकडे बघूनच आपापलं वर्ष आखतात.

तिचं ऑफिस गेटाबाहेर. पत्र्याच्या दोन खोल्या. ठेकेदाराला सगळे भाऊ म्हणतात. भाऊंकडे कोळसा हाताळणी विभागातल्या साफसफाईचा वार्षिक ठेका आहे. पट्ट्यांखाली सांडलेला कोळसा फावड्यानं गोळा करायचा, गटारं उपसायची, चुरा भरून टाकायचा. कामगार ४१. टेबलावर रात्रभरात काळा थर बसलेला असतो. ती आधी फडकं मारते, मग कीबोर्ड उलटा करून झटकते. खुर्चीवर घरून आणलेली उशी आहे.

सकाळी ८:४५

मस्टर उघडतं. पंचिंग मशीनमधून आलेली हजेरी एकीकडे, सुपरवायझरनं पेन्सिलीनं मांडलेली दुसरीकडे. दोन्ही कधीच जुळत नाहीत. बोटं कोळशानं काळी आणि घासून गुळगुळीत झालेली, मशीनला ठसा उमटत नाही. मग वहीतली हजेरी धरायची आणि समोर सुपरवायझरची सही घ्यायची. ती पट्टी ठेवून ओळीनं खाली येते. पट्टी स्टीलची, कडेला इंच झिजलेले.

एक ओळ बघू. हजेऱ्या २६, रोज ५६०. झाले १४,५६०. त्यातून पीएफ बारा टक्के, १,७४७. ईएसआयसी पाऊण टक्का, वर पूर्ण करून ११०. व्यवसाय कर २००. हातात १२,५०३.

खालची ओळ बाईची. हजेऱ्या तेवढ्याच, रोज तेवढाच. हातात १२,७०३. महाराष्ट्रात महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही. हे दोनशे रुपये दर महिन्याला कुणीतरी पुरुष खिडकीशी येऊन विचारतो. ती दर महिन्याला सांगते.

तिसरा आकडा खिडकीबाहेर जात नाही. त्याच माणसासाठी भाऊ वरून १,८९३ पीएफचे आणि ४७४ ईएसआयसीचे भरतात. म्हणजे १२,५०३ घरी नेणारा माणूस भाऊंना १६,९२७ ला पडतो. मधल्या ४,४२४ रुपयांचा हिशोब या गावात ज्यांना तोंडपाठ आहे, अशांत ती एक. तिला वाटतं, फायनान्स म्हणतात ते हेच असावं. पण बायोडाटात हे लिहायचं तर ‘वेजशीट बनवते’ एवढंच होतं.

सकाळी १०:५०

टीडीएस. क्रेनवाल्याचं बिल ४८,०००, एकटा मालक, एक टक्का, ४८०. ट्रकवाल्याचं बिल त्याच्या दुप्पट, पण कापायचं काही नाही. त्याच्या गाड्या तीनच आहेत. दहापर्यंत गाड्या असलेला वाहतूकदार पॅन देऊन तसं लिहून देतो, मग कापत नाहीत. ते लिहून दिलेलं पत्र शोधण्यात वीस मिनिटं जातात. पत्र सापडतं गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यात.

गठ्ठे म्हणजे खरी मेहनत. महिन्याचं एक व्हाउचरचं बाड. पंचनं एका वेळी दहा-बारा कागदांना भोक पडतं, त्याहून जास्त घातले की पंच तिरका जातो. म्हणून जाड बाडाला दाभण. दाभण टेबलावर ठोकायचं, पांढरी नाडी ओवायची, गाठ मागच्या बाजूला. तिच्या उजव्या तळहाताला दाभणाच्या मुठीचा घट्टा आहे. अकाउंटच्या कामात हाताला घट्टा पडतो, असं कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

सकाळी ११:४०

पगाराची फाइल बँकेत चढवायची. ४१ नावं, ४१ खाती. चढवणारी ती, मंजूर करणारे भाऊ. ओटीपी भाऊंच्या मोबाइलवर. भाऊ सिन्नरला साइट बघायला गेलेत आणि फोन उचलत नाहीत. ती तीन वेळा लावते. मधल्या वेळात ती एक जुनं कात्रण काढते.

अंबडच्या एका कारखान्याची जाहिरात. सहायक व्यवस्थापक, वित्त. पाच वर्षांचा अनुभव, टॅली, जीएसटी, ‘एमबीए फायनान्स असल्यास प्राधान्य’. ओळखीतून कळलं, पगार ३८,००० च्या आसपास. तिचा आजचा २२,५००. पीएफ जाऊन हातात २०,७००. व्यवसाय कर नाही. “अडतीस झाले तर तो दोनशेचा कर मी आनंदानं भरीन,” ती म्हणते आणि परत भाऊंना फोन लावते.

अशा जाहिराती तिनं जमवल्यात. तिची वाचायची पद्धत उलटी आहे. कॉलेजचं माहितीपत्रक नंतर, आधी नोकरीच्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ. सरकारी कंपन्यांच्या कितीतरी जाहिरातींत त्या ओळीत ‘दोन वर्षांचा पूर्णवेळ’ असे शब्द बसलेले असतात. तिथे संध्याकाळचा, रविवारचा, पोस्टानं केलेला, कुठलाच एमबीए चालत नाही. अशी जाहिरात ती फाडून टाकते. उरलेल्या खासगी. त्यांना कागद हवा असतो, तो कसा मिळवला हे बहुतेक जण विचारत नाहीत. कुणी विचारलंच तर तिच्याकडे उत्तर आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलंय. त्या सूचनेची छापील प्रत तिच्या फाइलमध्ये आहे. झेरॉक्सचे दोन रुपये.

भाऊंचा फोन येतो. ओटीपी सांगतात. सहातला एक आकडा चुकतो. परत ओटीपी. १२:०५ ला पगार गेला.

दुपारी १:१५

डबा. मेथीची भाजी, दोन पोळ्या, लोणचं. सोबत स्टोअर सांभाळणारा मुलगा. त्यानं बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलंय, कोळशाच्या पाळ्या करता करता.

“नाशिकचंच मुक्त का घेत नाही मॅडम? आपल्या गावचं.”

गावचं म्हणजे अगदी गावचं नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, मुख्यालय गंगापूर धरणाच्या बाजूला. एकलहरे शहराच्या या टोकाला, ते पार त्या टोकाला. पण अभ्यासकेंद्रं शहरात आहेत, पुस्तकं हातात मिळतात, परीक्षेला परगावी जावं लागत नाही. एमबीए तिथेही आहे. तिच्या वहीत दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत आणि रेषा अजून कुठल्याच नावावर मारलेली नाही.

इतक्यात फोन. पुण्याचा नंबर. ‘करिअर काउन्सेलर’ म्हणवणारी मुलगी, आवाज गोड, वाक्यं पाठ. ऑनलाइन एमबीए, दोन वर्षं, क्लास शनिवार-रविवार. फी एक लाख ऐंशी हजार. “मॅम, आजच्या आज सीट ब्लॉक केलीत तर झिरो कॉस्ट ईएमआय. चोवीस महिने, फक्त साडेसात हजार. व्याज शून्य.”

“आणि सगळी फी एकदम भरली तर?”

“एकदम भरलीत तर सूट आहे मॅम. एक लाख बासष्ट.”

ती हात धुते आणि कॉम्प्युटरकडे जाते. एक्सेलमध्ये रेटचं सूत्र. हप्ते २४, हप्ता ७,५००, आजची किंमत १,६२,०००. एंटर. महिन्याला ०.८६ टक्के. बारानं गुणते. वर्षाला सव्वादहाच्या वर.

“ताई, हे शून्य नाही. सव्वादहा टक्के आहे.”

पलीकडे थोडी शांतता. मग, “मॅम, मी माझ्या सीनियरला विचारून कॉल करते.”

स्टोअरवाला मुलगा लोणच्याची फोड चोखत हसतो. तिला हसू येत नाही. त्या मुलीचाही महिन्याचा आकडा असणार, कुणीतरी तो रोज संध्याकाळी विचारत असणार.

दुपारी ३:२०

नाशिकरोड. बिटको चौकाजवळ पार्किंग मिळत नाही, स्कूटर झेरॉक्सच्या दुकानासमोर. भाऊंचे सीए दुसऱ्या मजल्यावर. ती टीडीएसची पावती आणि जीएसटीचे कागद घेऊन आलीय. हातातली पिशवी सहा-सात किलोची असेल. जिना अरुंद, वरून कुणी येत असलं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं.

सीए साठीचे. चष्म्यावरून बघतात. कागद चाळतात, दोन ठिकाणी टिकमार्क करतात आणि विचारतात, “काय ठरलं तुझं?”

“एमबीए करते म्हणते.”

“अगं, एमबीएला सही आहे का?”

ही त्यांची जुनी ओळ. सीए सही करतो, कॉस्ट अकाउंटंट सही करतो, त्या सहीला कायद्यात किंमत आहे. एमबीए झालेला माणूस कितीही हुशार असला तरी ताळेबंदावर सही करू शकत नाही. म्हणून त्यांचा आग्रह कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेचा, सीएमएचा. पदवीधराला सरळ इंटरमिजिएटला बसता येतं. आठ पेपर, दोन गट. मग फायनल, परत आठ, परत दोन गट. परीक्षा जून आणि डिसेंबरला. नाशिक-ओझर चॅप्टर इथलाच. फीसुद्धा मोठ्या नावांच्या एमबीएच्या मानानं किरकोळ.

“सर, एकेका पेपरात चाळीस पाहिजेत आणि गटाची सरासरी पन्नास. एक पेपर गेला तर गट गेला.”

“मग नीट अभ्यास कर.”

“कधी?”

सीए गप्प होतात. त्यांनी केला होता तो अभ्यास वयाच्या बाविसाव्या वर्षी, आई जेवायला वाढायची तेव्हा. हे ते स्वतःच सांगतात, थोड्या वेळानं, कागद परत देताना.

मला विचाराल तर सीएंचं खरं आहे. एकलहऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे विजेचा युनिट काढायला किती पैसे पडले याचा हिशोब हाच धंदा आहे, तिथे कॉस्टिंग येणाऱ्याला काम कमी पडणार नाही. पण मला कुणाच्या वेण्या घालायच्या नाहीत. आणि तिचंही चुकत नाही. ज्या परीक्षेत वर्ष पाण्यात जाऊ शकतं, त्या परीक्षेला वर्ष हाताशी शिल्लक असावं लागतं.

खाली कटिंग चहा, दहा रुपये. ती उभ्यानं पिते.

संध्याकाळी ५:३०

परत ऑफिसात. पाळी सुटलेली. पगारपत्रकं वाटायची. खिडकीशी रांग. चेहऱ्यावर कोळसा, डोळ्यांभोवती तेवढं पांढरं. एकेक जण अंगठा पुसून सही करतो. दोघे अंगठाच लावतात, त्यांच्यासाठी शाईची डबी. एकाचा पगार जमा झालेला नाही. खातं आधारला जोडलेलं, पण बँकेनं मधेच बंद केलंय. त्याला उद्या पासबुक घेऊन बोलावते. तो जागचा हलत नाही. घरात गॅस संपलाय. ती पर्समधून पाचशे काढून देते आणि व्हाउचरच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवते. भाऊ उद्या देतील. बहुतेक देतील.

एक म्हातारी कामगार बाई सही करून विचारते, “मॅडम, तुम्ही परीक्षा देनार म्हनं?”

“कोण म्हणालं?”

“स्टोअरवालं पोरगं. द्या. आमचा पगार कोन काढील मग?”

मागचे हसतात. ती म्हणते, मी कुठे जात नाही अजून. साडेसहाला ऑफिसला कुलूप.

संध्याकाळी ७:१०

भाजी, मुलीचा गृहपाठ, दूध. या तासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तो सगळ्या घरांत सारखाच असतो.

रात्री ८:१०

दिराचा फोन, पंचवटी एक्स्प्रेसमधून. तो रोज पासावर मुंबईला जातो. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून, रात्री पावणेदहाच्या सुमारास परत. त्याच्या डब्यातला एक जण जमनालाल बजाजमध्ये शिकलाय. मुंबई विद्यापीठाची ती संस्था १९६५ ची, चर्चगेटला. नोकरी करणाऱ्यांसाठी तीन वर्षांचा संध्याकाळचा वित्त व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम तिथे वर्षानुवर्षं चालत आलाय. त्या कागदाला मुंबईत वजन आहे.

“वहिनी, नाव बघा ना. नाव मोठं आहे.”

“क्लास किती वाजता असतो?”

“ऑफिस सुटल्यावर. सहा-साडेसहा.”

“आणि पंचवटी?”

तो हसतो. पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते. वर्ग सुरू व्हायच्या वेळेला नाशिकचा माणूस खिडकीची जागा धरून बसलेला असतो. ज्यानं तो अभ्यासक्रम केला, तो तेव्हा डोंबिवलीला खोली घेऊन राहत होता. अविवाहित होता. दीर हे सांगत असतानाच गाडी कसारा घाटातल्या बोगद्यात शिरते आणि फोन कटतो. परत लागत नाही.

ती वहीत हे तिसरं नाव लिहिते आणि लगेच त्यावर रेघ मारते. फीमुळे नव्हे, टाइमटेबलमुळे.

रात्री ९:२०

मुलगी झोपली. नवरा भांडी विसळतोय, ती जेवणाच्या ताटाजवळची जागा पुसून वही उघडते.

आधी पैसे. हातात २०,७००. घरात ८,०००. स्कूटरचा हप्ता २,४००. पेट्रोल १,५००. मोबाइल ३००. आरडी ३,०००. शिल्लक ५,५००. त्यातून मुलीचं आजारपण, आहेर, दिवाळी. साडेसात हजारांचा हप्ता इथे बसतच नाही. व्याज शून्य असो की दहा. इग्नूच्या एका सत्राची फी सोळा हजारांच्या आसपास, चार सत्रांची साठ हजारांच्या वर. महिन्याला पावणेतीन हजार बाजूला पडले तर सत्रागणिक भरता येईल. बसतं. घट्ट, पण बसतं.

मग तास. हे पान ती पंधरवडाभर टाळत होती.

पहिल्या सत्राला सात विषय. प्रत्येकी चार श्रेयांक. एका श्रेयांकाला तीस तास अभ्यास धरतात. सात गुणिले चार गुणिले तीस. ८४०. सहा महिन्यांचे आठवडे २६. भागाकार: आठवड्याला ३२ तास.

आता तिच्याकडचे. सकाळचे, गजर लागला आणि ताप आला नाही तर, रोज पाऊण तास. रात्री एक. सहा दिवसांचे साडेदहा. रविवारी चार. साडेचौदा.

ती पेन खाली ठेवते. नवरा हात पुसत येऊन बघतो.

“निम्मेही नाहीत.”

“निम्मे नाहीत.”

“मग?”

दोन वर्षांचा अभ्यासक्रम इग्नूत चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो, हे तिला माहीत आहे. चार वर्षांचे तास मांडले तर तुटवडा पुष्कळ कमी होतो. आणि अर्थशास्त्र, लेखा, वित्त या विषयांना तिला कागदावरचे तास लागणार नाहीत, पाया बी.कॉम.चा आहे, वरची भर या पत्र्याच्या ऑफिसातली. तिला तास लागतील ते माणसांच्या व्यवस्थापनाला आणि इंग्रजीत लांब उत्तरं लिहायला. तीस टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांचे, ते रविवारी होतील. उरलेले सत्तर परीक्षेचे. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. सात तारखेला पेपर आला तर काय, हे भाऊंशी आधी बोलावं लागेल.

“तेव्हा मुलगी आठ वर्षांची असेल,” नवरा म्हणतो.

“ती तशीही होईलच.”

मुक्त विद्यापीठ की इग्नू, याचा निकाल शेवटी तिनं असा लावला की इग्नूची पुस्तकं ती आधीच वाचायला लागलीय. या निवडीमागे याहून मोठं कारण नाही. दोन्हींचा कागद सारखाच, नोकरीच्या जाहिरातीला दोन्ही चालतात. मोठमोठ्या तुलना करणारे लोक बहुधा अशाच कुठल्यातरी छोट्या कारणावर येऊन थांबतात. फक्त कबूल करत नाहीत.

रात्री १०:१५

अर्ज भरायला घेते. मोबाइलवर, कारण घरी कॉम्प्युटर नाही. २०२४ पासून दूरस्थ अभ्यासक्रमाला डीईबी आयडी लागतो. त्याला एबीसी आयडी लागतो. त्याला डिजिलॉकर. त्याला आधार. आधारचा ओटीपी येतो, नाव आपोआप भरलं जातं. लग्नानंतरचं नाव. नवऱ्याचं नाव मधे, सासरचं आडनाव शेवटी.

खाली पदवीची गुणपत्रिका जोडायची. त्यावर माहेरचं आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं.

“दोन वेगळ्या बाया झाल्या,” ती म्हणते.

जोड लावणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. नवरा कपाटातली फाइल काढतो. स्कूटरचं आरसी बुक आहे, गॅसचं कार्ड आहे, मुलीच्या लसीकरणाचं पुस्तक आहे. दाखला नाही. आधारवर नाव बदललं तेव्हा राजपत्राची प्रत लावली होती की आणखी काही, दोघांनाही आठवत नाही. तेव्हा एजंटानं केलं होतं, तीनशे रुपये घेऊन.

“नोंदणी केलीच नव्हती आपण,” तो हळूच म्हणतो.

“तू करणार होतास.”

“तू म्हणालीस नंतर करू.”

सासूबाई आतून विचारतात, काय झालं. ती सांगते: ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करायचीय. लग्नपत्रिका लागेल, फोटो लागतील, तीन साक्षीदार, आणि भटजींची सही.

“भटजी तर भगूरला राहायला गेले लेकाकडे,” सासूबाई उठून बसतात. “माझ्याकडं नंबर हाये. पत्रिका पन हाये, देव्हाऱ्याखालच्या डब्यात. साक्षीदाराला तुझा मामा आन् आपले धाकले दोघं.”

“मामा येतील उद्या?”

“उद्या ग्रामसेवक असतो का, ते बघ आधी. मंगळवारी असतो म्हनं.”

ती कॅलेंडर उलटून बघते. मंगळवारी अकरा तारीख आहे, जीएसटीआर-वनची शेवटची. ती मोबाइलवर भाऊंना निरोप लिहायला घेते, मंगळवारी सकाळी दोन तास उशिरा येईन. मग खोडते आणि दोनच्या जागी तीन करते.